जुन्या १६१३ ट्रकची तेलगळती: दोष क्रँकच्या मागच्या सीलचाच आहे का?

निफाडकर (प्रश्न)

नमस्कार. माझ्याकडे टाटा १६१३ हा जुना ट्रक आहे. त्याचे इंजिन टाटा-कमिन्सचे ६बीटी, म्हणजे सहा सिलिंडरचे, टर्बो असलेले आणि ५.९ लिटरचे आहे. माझ्याकडे येण्यापूर्वी गाडी इतर मालकांनी वापरलेली असल्यामुळे इंजिन याआधी कधी उघडले गेले आणि त्यातली कोणती पॅकिंग बदलली गेली, याची नोंद मला मिळालेली नाही. पिंपळगाव बसवंत किंवा लासलगाव येथून कांदा भरून वाशीच्या बाजारात न्यायचा आणि परतताना मिळेल तो माल घेऊन कसारा घाट चढून नाशिकला यायचे, हे या गाडीचे नेहमीचे काम आहे.

गेल्या पावसाळ्यापासून इंजिनाखाली तेल दिसू लागले. आरंभी ते थेंबाथेंबाने पडत होते. आता गाडी रात्रभर उभी राहिली, तर सकाळी जमिनीवर ताटाएवढा डाग असतो. तेल बेल हाउसिंगच्या (इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामधल्या, क्लच झाकणाऱ्या कवचाच्या) खालच्या भोकातून टपकते, ऑइल चेंबरचा (इंजिनाच्या तळाशी तेल साठवणाऱ्या भांड्याचा) मागचा अर्धा भाग ओला असतो आणि क्लीनर बाजूने (चालकाच्या विरुद्ध, डाव्या बाजूने) पाहिले, तर डिझेल पंपाच्या मागचा ब्लॉकही काळा व चिकट झालेला दिसतो. ज्या गॅरेजमध्ये गाडी दाखवली, तिथल्या मिस्त्रींनी खाली जाऊन बॅटरीच्या उजेडात पाहिले आणि क्रँकचे, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात त्या मुख्य दांड्याचे, मागचे सील गेले आहे, गिअरबॉक्स उतरवावा लागेल, असे सांगितले. कांद्याच्या हंगामात गाडी उभी ठेवणे परवडत नाही. तरीही दोष खरोखर तोच असेल, तर काम करून घेण्याची माझी तयारी आहे.

शंका येण्याचे कारण असे की, भरलेली गाडी घाट उतरून जाते तेव्हा गळती फारशी वाढत नाही, पण परतताना घाट चढून इगतपुरीला थांबलो, की भोकातून जवळजवळ धार लागलेली असते. दुसरी गोष्ट मला अधिक कोड्यात टाकते. जमिनीवर एवढे तेल पडत असूनही डिपस्टिकवरची पातळी त्या मानाने खाली जात नाही. चालकाला हे चांगले लक्षण वाटते. मला त्याचा अर्थ लागत नाही.

सुट्या भागांच्या दुकानदाराने गळती थांबवणारे औषध तेलात घालण्याचा आणि १५डब्ल्यू-४० ऐवजी त्याहून जाड २०डब्ल्यू-५० तेल वापरून पाहण्याचा सल्ला दिला आहे. गिअरबॉक्स उतरवण्यापूर्वी काय तपासावे आणि कोणत्या क्रमाने तपासावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

जुना मिस्त्री, आडगाव नाका

निफाडकर दादा, तुमच्या गाडीचे मागचे सील शाबूत आहे, असे मी गाडी न पाहता म्हणणार नाही. परंतु बेल हाउसिंगमधून तेल टपकते एवढ्यावरून ते गेले आहे, असेही कोणी म्हणू नये. तेल वरून खाली उतरते आणि चालत्या गाडीत पुढच्या पंख्याचा वारा त्याला मागे ढकलत राहतो, त्यामुळे इंजिनावर कुठेही सुटलेले तेल शेवटी मागच्या खालच्या कोपऱ्यातच गोळा होते. म्हणून गळती जिथे पडते तिथे न शोधता, ओल्या भागातली सर्वांत वरची आणि सर्वांत पुढची जागा कोणती, ते शोधावे लागते. मळाने भरलेल्या इंजिनावर हे कोणालाही दिसत नाही, मग बॅटरी कितीही मोठी असो.

तेव्हा पहिले काम धुण्याचे. इंजिन थंड असताना घासलेट किंवा डिग्रीझर ब्रशने लावून मळ सुटू द्यावा, मग पाण्याने धुवावे. स्टार्टर आणि अल्टरनेटर प्लास्टिकने झाकावेत आणि त्यांच्यावर दाबाच्या पाण्याचा फवारा मारू नये. हे काम तेल अडवणारा खड्डा असलेल्या धुलाई केंद्रातच करावे, कारण हे पाणी नाल्यावाटे गोदावरीतच जाते. धुतल्यावर हवेने सांधे पूर्ण कोरडे करून संशयाच्या जागांवर टाल्कम पावडर किंवा खडूची पूड भुरभुरवावी. मग इंजिन आयडलवर, म्हणजे रेस न देता, चालवून पाहावे आणि त्यानंतर भरल्या गाडीने थोडे अंतर जाऊन यावे. पावडरवर ओलीची पहिली रेघ जिथे उमटेल, तिथून पुढचा विचार सुरू होतो. तेलात मिसळायचा चमकणारा रंग आणि त्याची जांभळी बॅटरी मिळाली तर उत्तमच, पण पावडरनेही काम भागते.

या इंजिनात क्लीनर बाजूला, डिझेल पंपाच्या मागे, पुशरॉडच्या (व्हॉल्व्ह हलवणाऱ्या दांड्यांच्या) खणावर बसणारे एक लांब साइड कव्हर असते. त्याचे पॅकिंग वयाने कडक होऊन सुटते आणि तिथले तेल ब्लॉकच्या कडेने मागे वाहत जाऊन फ्लायव्हील हाउसिंगच्या सांध्यावरून खाली उतरते. लांबून पाहणाऱ्याला ते हुबेहूब मागच्या सीलसारखे दिसते. तुम्ही पंपामागचा ब्लॉक ओला असल्याचे लिहिले आहे, म्हणून माझा पहिला संशय इथेच आहे. वरची टॅपेट कव्हर या इंजिनात प्रत्येक सिलिंडरला वेगळी असतात, त्यांतल्या मागच्या दोहोंकडेही नजर टाकावी. ड्रायव्हर बाजूला टर्बोचा तेल परतीचा पाइप, ऑइल कूलरचे पॅकिंग आणि फिल्टरचे बूड पाहावे. हवेच्या कॉम्प्रेसरला तेल नेणाऱ्या नळीचे वॉशरही तपासावेत. हे सारे गिअरबॉक्स न उतरवता होते.

बेल हाउसिंगच्या आत येणाऱ्या तेलालाही एकाहून अधिक वाटा आहेत. क्रँकचे सील ही त्यांतली एक. सील ज्या प्लेटमध्ये बसते तिचे पॅकिंग, ती प्लेट आणि ऑइल चेंबर जिथे मिळतात तो कोपरा, ब्लॉकच्या मागे कॅमच्या तोंडाशी ठोकलेला प्लग आणि गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचे सील या उरलेल्या. शेवटची वाट ओळखणे सोपे आहे: भोकातला थेंब बोटावर घेऊन वास घ्यावा. गिअर ऑइलला गंधकासारखा उग्र वास येतो आणि त्यात काजळी नसते; डिझेल इंजिनाचे तेल मात्र चालू लागताच काळे होते. चेंबरच्या कोपऱ्याविषयी एवढेच सांगतो की, तिथे तीन सांधे एकत्र येतात आणि चेंबर बसवताना त्या ठिकाणी सिलिकॉनचा लहानसा ठिपका दिला नसेल, तर नवे पॅकिंगही गळते.

आता घाटाविषयी. चढाला गाडीचे तोंड वर होते आणि चेंबरमधले तेल मागे सरकते, त्यामुळे मागचा कोपरा आणि सील तेलात अधिक बुडतात. त्याच वेळी इंजिनावर पूर्ण भार असल्यामुळे पिस्टनच्या रिंगांजवळून खाली सुटणारा वायू, म्हणजे आपण ज्याला बॅक कॉम्प्रेशन म्हणतो तो, सर्वाधिक असतो आणि तो आतून प्रत्येक सांध्यावर दाब देतो. उताराला ही दोन्ही कारणे एकदमच नाहीशी होतात. म्हणून चढाला गळते आणि उताराला गळत नाही, यावरून काहीच ठरत नाही. दोन कारणे वेगळी करून पाहावी लागतात. गाडी तोंड वर करून चढावर उभी करावी, चाकांना पक्के अडथळे लावावेत आणि इंजिन अर्धा तास आयडलवर चालू ठेवावे. नंतर भरलेली गाडी ओझर ते पिंपळगाव अशा सपाट महामार्गावर चांगल्या वेगाने चालवावी. पहिल्या प्रकारात गळाले, तर दोष मागच्या बाजूला आहे. दुसऱ्या प्रकारात गळाले, तर आतला दाब वाढलेला असू शकतो आणि तसे असेल, तर सील बदलूनही तुम्हाला फार दिवस सुख मिळणार नाही.

दाब पाहण्याची गॅरेजमधली जुनी रीत अशी: गरम इंजिन आयडलवर असताना तेल भरण्याचे झाकण उलटे करून तोंडावर नुसते ठेवावे. ते किंचित थरथरले तर चिंता नाही. उडून पडू लागले, तर बॅक कॉम्प्रेशन जास्त आहे. यापेक्षा भरवशाची रीत म्हणजे डिपस्टिकच्या नळीला पारदर्शक पाइप जोडून त्याचे दुसरे टोक यू आकारात वळवणे, त्यात पाणी भरणे आणि दोन्ही बाजूंच्या पातळीतला फरक मोजणे. ब्रीदर, म्हणजे इंजिनातला वायू बाहेर सोडणारी वाट, उघडा आहे ना, हे आधी पाहावे. अनेक गाड्यांत त्याची नळी चॅसिसपाशी चिखलाने बुजलेली असते आणि ती साफ केल्यावर गळती निम्म्यावर येते. दाब जास्त निघाला म्हणून लगेच पिस्टनवर घसरू नये, कारण ब्रेकच्या हवेच्या कॉम्प्रेसरच्या झिजलेल्या रिंगाही इंजिनात हवा सोडतात. हवेच्या टाकीचा कॉक उघडून कॉम्प्रेसरवरचा दाब काढावा आणि ब्रीदरचा धूर कमी होतो का, ते पाहावे. कमी झाला, तर तो खर्च इंजिनाचा नाही, कॉम्प्रेसरचा आहे. टर्बोचा शाफ्ट ढिला झाला असेल, तर तोही परतीच्या पाइपातून चेंबरमध्ये वायू ढकलतो.

तुमच्या पत्रातले खरे गंभीर वाक्य डिपस्टिकचे आहे. तेल बाहेर पडते आणि पातळी उतरत नाही, याचा अर्थ आत दुसरे काहीतरी भरत आहे. पाणी असते, तर तेल दुधट झाले असते. म्हणून ते डिझेल असण्याचा संभव अधिक. डिपस्टिकवरचा एक थेंब टीपकागदावर टाकून ठेवावा. काळ्या ठिपक्याभोवती दूरवर फिकट, तेलकट वलय पसरले आणि वासही डिझेलचा आला, तर पंपाकडे पाहावे लागेल. पातळ झालेले तेल एरवी न गळणाऱ्या सांध्यांतूनही झिरपते, आणि त्याहून वाईट म्हणजे बेअरिंग खाते. तेलाचा दाब गरम इंजिनाला आयडलवर निदान १० पीएसआय आणि पूर्ण फेऱ्यांवर ३० पीएसआय असला पाहिजे. डॅशबोर्डच्या काट्यावर न विसंबता वेगळा गेज लावून तो मोजून घ्यावा. तो कमी भरला, तर हंगाम असो वा नसो, गाडी उभी करावी.

औषध घालू नये. ती औषधे रबर फुगवून गळती कमी करतात आणि या इंजिनाच्या क्रँकच्या सीलची ओठाची कड टेफ्लॉनच्या जातीची असते. ती फुगत नाही. जाड तेलाने गळतीचा वेग थोडा मंदावतो, दोष तसाच राहतो आणि थंडीतल्या पहाटे ते वर चढायला वेळ लावते. निफाडची थंडी तुम्हाला मी सांगायला नको.

पेठ रोडचा वाहतूकदार

मिस्त्रीकाकांचे म्हणणे शास्त्राला धरून आहे, पण मालकाच्या बाजूने एक गोष्ट मांडावीशी वाटते. आमच्यासारख्यांना गाडी दोनदा उभी करणे एकदा मोठे काम करण्यापेक्षा महाग पडते. क्लचप्लेट निम्म्याहून अधिक झिजली असेल, तर गिअरबॉक्स आज ना उद्या उतरणारच आहे. मग सील, कॅमचा प्लग, इनपुट शाफ्टचे सील आणि क्लच हे सगळे एकदाच का करून घेऊ नये? शिवाय बेल हाउसिंगमधले तेल क्लचप्लेटवर गेले, तर भरली गाडी घाटात प्लेट सरकून अडकते आणि मागे रांग लागते. आठ वर्षांवरील गाडीचे फिटनेस दर वर्षी करावे लागते. तिथे खालून टपकणारी गाडी कोणी आनंदाने पास करत नाही, हेही लक्षात घ्यावे.

माझा अनुभव असा की, जुन्या गाडीच्या क्रँकवर सीलच्या ओठाने बारीक खाच पाडलेली असते आणि नवे सील त्याच खाचेत बसले, की पुन्हा गळू लागते. त्यामुळे हे काम करायचे झाल्यास वर चढवायची पातळ स्लीव्ह आधीच आणून ठेवावी. नख फिरवून खाच लागली, तर स्लीव्ह. नाही लागली, तर नुसते सील.

निफाडकर

आपणा दोघांचे आभार. काकांनी सांगितलेल्या क्रमाने तपासणी केली, तिचे निष्कर्ष लिहितो.

इंजिन धुऊन, सुकवून, पावडर लावून गाडी भरली आणि पिंपळगावपर्यंत जाऊन आलो. ओलीची पहिली रेघ साइड कव्हरच्या मागच्या वरच्या कोपऱ्याशी उमटली. तिथून तेल ब्लॉकच्या कडेने फ्लायव्हील हाउसिंगपर्यंत गेलेले स्पष्ट दिसत होते. बेल हाउसिंगचे भोक परत येईपर्यंत कोरडे होते. त्यानंतर त्याच्या काठाशी बाहेरून आलेले तेल जमले. चढावर उभी करून इंजिन चालवले, तेव्हा भोकातून मोजके थेंब आले, धार नाही. झाकण थरथरले, पण जागेवरून हलले नाही. ब्रीदरची नळी अर्धी बुजलेली होती, ती साफ केली. हवेचा कॉक उघडल्याने धुरात फरक पडला नाही.

टीपकागदावरचे वलय मात्र ठळक आले आणि डिझेलचा वास चालकालाही जाणवला. गेजवर गरम आयडलचा दाब १० च्या थोडाच वर आहे. गाडी सध्या उभी केली आहे. आता प्रश्न असा की, डिझेल तेलात नेमके कुठून जात असावे, आणि साइड कव्हरचे पॅकिंग पंप न काढता बदलता येईल का? क्लच मागच्या वर्षीच नवा टाकला आहे, त्यामुळे केवळ त्यासाठी गिअरबॉक्स उतरवण्याचे कारण नाही.

सातपूर डिझेल

मी डिझेल पंप आणि नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे इंजेक्टरचे तोंड) यांची कामे करतो, म्हणून फक्त तेवढ्यापुरते लिहितो. सातपूरला बॉशचा, म्हणजे जुन्या लोकांच्या तोंडी असलेल्या मायकोचा, नोझल आणि इंजेक्टर बनवणारा कारखाना असल्यामुळे हे काम समजणारे हात नाशिकमध्ये शोधावे लागत नाहीत. तरीही काम कोणते करायचे, हे मालकाने ठरवून सांगावे. नाहीतर सरसकट सगळेच बदलले जाते.

तुमच्या गाडीवरचा पंप इनलाइन (प्रत्येक सिलिंडरसाठी प्लंजर-बॅरलची एक जोडी ओळीने असलेला) आहे आणि त्याच्या कॅमखणाला वंगण इंजिनाच्याच तेलाचे मिळते. त्यामुळे पंपाच्या आत डिझेल खाली उतरले, की ते थेट इंजिनाच्या चेंबरमध्ये पोहोचते. बाहेर एक थेंबही दिसत नाही. याच्या वाटा तीन आहेत. सर्वांत स्वस्त वाट फीड पंपाची, म्हणजे टाकीतून डिझेल ओढणाऱ्या लहान पंपाची: त्याचा दांडा किंवा सील झिजले, की प्रत्येक ठोक्याला थोडे डिझेल आत जाते. फीड पंप इनलाइन पंपाच्या अंगावर असो वा ब्लॉकवर, परिणाम तोच होतो, म्हणून आधी तोच उतरवून तपासावा. दुसरी वाट पंपाच्या एलिमेंटची, म्हणजे प्लंजर-बॅरलच्या जोडीची. प्लंजर आणि बॅरल झिजले, की दाबाखालचे डिझेल त्यांच्यामधून खाली झिरपते. काही पंपांत बॅरलच्या बाहेरच्या ओ-रिंगा कडक होऊनही असेच घडते. तिसरी वाट नोझलची. टपकणारे नोझल सिलिंडरच्या भिंतीवरचे तेल धुऊन टाकते आणि न जळलेले डिझेल रिंगांजवळून खाली जाते. मात्र अशा वेळी गाडी सकाळी पांढरा धूर देते आणि एखादा सिलिंडर ठोकतो. तुम्ही तसे काही लिहिलेले नाही, म्हणून मी ही वाट शेवटी ठेवतो. तरी पंप बाहेर आलाच आहे, तर सहाही इंजेक्टर हाताच्या टेस्टरवर तपासून घेण्यास फार वेळ लागत नाही.

साइड कव्हरविषयी: काही बोल्ट पंपाच्या आड येतात. पंप जागेवर ठेवून कव्हर काढणारे लोक आहेत, पण मागचे जुने पॅकिंग नीट खरवडता येत नाही आणि तसेच नवे लावले, की गळती पुन्हा सुरू होते. तुमचा पंप बेंचवर येणारच असेल, तर हे काम त्याच वेळी उरकावे. दोन दुखण्यांना एकच उघडझाप पुरते, ही तुमच्या बाबतीत सोय आहे.

पंप काढताना घ्यायची काळजी नव्या फिटरला ठासून सांगावी. इंजिन पहिल्या सिलिंडरच्या टॉप सेंटरवर (पिस्टन सर्वांत वर असताना) आणून गिअर हाउसिंगमधली टायमिंग पिन आत ढकलतात. काम झाल्यावर इंजिन फिरवण्याआधी ती बाहेर ओढली नाही, तर पिन तुटते आणि तिचा तुकडा गिअरमध्ये जातो. पंपाच्या गिअरचा नट आणि वॉशर सोडवताना खाली कापड कोंबावे, कारण ते गिअरखणात पडले, तर पुढचे कव्हर उघडल्याशिवाय हाती लागत नाहीत. बसवताना पंपाच्या फ्लँजची ओ-रिंग आणि तेलाच्या नळीचे तांब्याचे वॉशर नवेच घालावेत. बेंचवरून आलेला पंप आतून कोरडा असतो. त्यात इंजिनाचे स्वच्छ तेल भरूनच गाडी सुरू करावी.

पेठ रोडचा वाहतूकदार

क्लच नवा असेल, तर माझा आग्रह नाही. फक्त एक विचारतो: पंपाचे काम झाल्यावर तेच तेल ठेवायचे का? तेल बदलून फार काळ लोटला नसेल, तर जीव हळहळतो.

जुना मिस्त्री, आडगाव नाका

ठेवू नये. डिझेल मिसळलेले तेल पुन्हा दाट होत नाही आणि त्यात वरून नवे तेल घालून उपयोग नाही. तेल आणि फिल्टर दोन्ही बदलावेत, पण पंप बसवून झाल्यावरच. आधी बदलले, तर तेही वाया जाते. निघालेले तेल जुने तेल शुद्ध करणाऱ्या परवानाधारकालाच द्यावे. दुकानदाराला सीएच-४ (डिझेल इंजिनाच्या तेलाचा दर्जा) किंवा त्यावरच्या दर्जाचे १५डब्ल्यू-४० मागावे. निचऱ्याच्या बोल्टचा वॉशर त्याच वेळी बदलावा, कारण इतका खटाटोप करून तिथून एक थेंब पडला, तरी पुन्हा सगळे इंजिन संशयाखाली येते.

साइड कव्हर बसवताना दोन्ही पृष्ठभाग पातळ सरळ पट्टीने तपासावेत. बोल्टच्या भोकांभोवती पत्रा आत दबलेला असतो, तो सपाट ठोकून घ्यावा. पॅकिंग कोरडे लावावे. गळती हवीच नको म्हणून दोन्ही बाजूंना सिलिकॉन थापण्याची सवय वाईट आहे. आत सुटलेले सिलिकॉनचे धागे चेंबरमध्ये उतरून तेल पंपाच्या जाळीवर अडकतात आणि मग गळती बंद होते, पण बेअरिंग जाते. बोल्ट मधल्यापासून बाहेर, दोन फेऱ्यांत, टॉर्क पान्याने आवळावेत. मॅन्युअलमध्ये आकडा २४ न्यूटन-मीटरचा आहे. हाताच्या अंदाजाने आवळणारा माणूस जवळजवळ नेहमीच जास्त आवळतो.

चढावरच्या मोजक्या थेंबांसाठी आज गिअरबॉक्स उतरवू नये, असे माझे मत आहे. पातळ तेल काढून योग्य तेल भरल्यावर आणि ब्रीदर मोकळा झाल्यावर ते थेंब बंद होण्याची बरीच शक्यता आहे. नव्या तेलाची पातळी, इंजिन बंद करून थोडा वेळ थांबल्यावर, दर वेळी एकाच सपाट जागी पाहावी आणि चालकाच्या वहीत लिहून ठेवावी. ती वर चढू लागली, तर डिझेल अजून येत आहे, पंप परत बेंचवर पाठवावा. ती उतरली आणि साइड कव्हर कोरडे असूनही भोकातून इंजिनाचेच तेल आले, तर मग गिअरबॉक्स उतरवून मागचे सील, त्याची प्लेट आणि कॅमचा प्लग पाहायचे, हे नक्की.

तो दिवस आला, तर फिटरला एवढे सांगावे की, या सीलला तेल लावायचे नाही. जुन्या इंजिनांवर हात बसलेले लोक सवयीने ओठाला तेल किंवा ग्रीस चोळतात. इथे क्रँकचे टोक आणि सीलचा ओठ दोन्ही स्वच्छ आणि पूर्ण कोरडे लागतात, कारण चालू झाल्यावर ओठाचा पातळ थर क्रँकवर बसतो आणि तोच गळती अडवतो. सीलसोबत येणारी प्लास्टिकची कडी सील क्रँकवर चढेपर्यंत काढू नये. बसवण्यापूर्वी सील प्लेटची खालची कड चेंबरच्या कडेशी एका पातळीत आली आहे ना, ते पट्टी लावून पाहावे.